जुना वाडा, नवी डीबी: वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की विजेच्या तक्रारींची पत्रं वाढतात. यावेळी दर्यापूरकडच्या एका पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण तसाच वाडा आणि तोच घोळ विदर्भात गावोगाव आहे. बाकीच्यांना जागेपुरतं.

प्रश्न: आमचा अठरा खोल्यांचा वाडा. तीन भावांचे संसार, मीटर एकच आणि तेही सिंगल फेज. देवडीत लाकडी फळीवर किटकॅट फ्यूज लावलेले आहेत. दोन एसी, दोन गीझर, सहा कूलर, तीन फ्रिज, एक एचपीची मोटार, घरगुती पिठाची गिरणी, सगळं त्यावरच. मार्च लागला की रोज संध्याकाळी फ्यूजची तार जाते. आमचा वायरमन म्हणते, "63 चा एमसीबी बसवून टाका ना भाऊ, मंग कटकटच नाही." बसवावा का? की सगळंच बदलावं?
— एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर: 63 अँपिअरचा बसवू नका. कटकट थांबेल हे खरं, पण ती वायर जळेपर्यंतच. एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, राखतो तो वायरीला. तुमच्या वयाच्या वाड्यात बहुधा 3/20 ची वायर असेल, म्हणजे जेमतेम 2 चौरस मिलिमीटर. तिने 15-16 अँपिअर सुखाने वाहावेत. तिच्यामागे 63 चा एमसीबी म्हणजे 40-50 अँपिअर तासन्तास वाहिले तरी तो ढिम्म हलणार नाही, आणि माळवदाच्या लाकडात गेलेलं आवरण आतल्या आत वितळत राहील. रोज जाणारी तार उलट तुम्हाला वाचवते आहे.

आधी भार मोजा. तुमच्या यादीवरून हिशेब असा होतो: दोन एसी 3.5 किलोवॅट, दोन गीझर 4, कूलर 1.2, फ्रिज 0.45, मोटार 1.1, गिरणी 1, अठरा पंखे 1.35, दिवे 0.4. त्यात इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि इंडक्शन शेगडी धरली की आणखी साडेचार. एकूण साडेसतरा. हे सगळं एकाच वेळी चालत नाही. निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे 10 किलोवॅट धरा. सिंगल फेजवर याचे साधारण 44 अँपिअर होतात, थ्री फेजवर भार नीट वाटला तर प्रत्येक फेजला 14-15. म्हणून थ्री फेज घ्या.

पण त्याआधी घरात एक बैठक घ्या. तीन चुली खरोखरच वेगळ्या असतील आणि मालकीची किंवा ताब्याची कागदपत्रं तशी असतील, तर तीन वेगळे सिंगल फेज मीटर हा स्वस्त मार्ग ठरू शकतो. घरगुती दर युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. एका मीटरवर 900 युनिट पडले तर बरेचसे वरच्या टप्प्यात जातात, तेच तीन मीटरवर 300-300 पडले तर जात नाहीत. स्थिर आकार मात्र तीनदा भरावा लागेल. आणि मीटर वेगळे केले तर न्यूट्रलही मुळापासून वेगळे करावे लागतील.

एकच थ्री फेज मीटर ठेवायचं ठरलं तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करा. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, सुरक्षा ठेवीतला फरक भरावा लागतो. घरासमोरच्या खांबावरून तिन्ही फेज गेलेत का, हे आधीच बघून घ्या. काही गल्ल्यांत एकच फेज आणि न्यूट्रल ओढलेला असतो, मग लाइन वाढवण्याचा खर्च येतो आणि कामही लांबतं. मीटरचं सील आणि खांबावरचा फ्यूज यांना महावितरणच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. मीटरच्या पुढचं सगळं तुमच्या जबाबदारीचं.

आता डब्यांकडे. सगळे एमसीबी देवडीत एकत्र न ठेवता तिथे एक मुख्य पॅनल आणि प्रत्येक भावाच्या भागात एक लहान डीबी (लाइन वाटून देणारा एमसीबींचा डबा) करा. मुख्य पॅनलमध्ये 32 अँपिअरचा चार पोलचा (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा) एमसीबी, टाइप 2 सर्ज अरेस्टर (विजा आपल्याकडे काही कमी पडत नाहीत), कमी-जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण आणि तिथून निघणाऱ्या तीन लाइनी. प्रत्येक भावाची डीबी 12 मॉड्यूलची, म्हणजे 12 जागांची: 32 चा दोन पोलचा आयसोलेटर (हाताने लाइन तोडायचा स्विच), 40 अँपिअर आणि 30 मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा), दिवे-पंख्यांना 6 चे दोन एमसीबी, सॉकेटला 16 चे दोन, एसीला सी कर्व्हचा (चालू होतानाचा झटका सोसणारा) 20 चा, गीझरला 16 चा, कूलरांना सी कर्व्हचा 16 चा वेगळा, आणि एक जागा रिकामी. आरसीसीबी जादा भारावर पडत नाही, म्हणून त्याचं रेटिंग मागच्या एमसीबीपेक्षा जास्त हवं. 32 मागे 40 त्यासाठीच. मोटार आणि गिरणी मुख्य पॅनलवरून, त्यांना आरसीसीबी वेगळा, आणि फेज ज्या भावाकडे एसी नाही त्याची.

वायर तांब्याची. दिव्यांना 1.5, सॉकेट आणि कूलरला 2.5, एसी-गीझरला 4, देवडीतून प्रत्येक डीबीपर्यंत 10 चौरस मिलिमीटर. कॅटलॉग बघून दुकानदार म्हणेल, इथे 6 पुरते. कॅटलॉगातले आकडे 40 अंशांच्या हवेसाठी असतात. मे महिन्यात तुमच्या कौलांखाली 50 अंश होतात आणि तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी वायरीची क्षमता जवळजवळ 18 टक्क्यांनी उतरते. या भागात 6 ला 10 करण्याचे पैसे वाया जात नाहीत. अर्थची वायर या सगळ्या जाडींत फेजएवढीच घ्या.

मातीच्या दोन फुटी भिंतीत रावळप्लग धरत नाही. डबा आत कोरून बसवण्यापेक्षा लोखंडी अँगलची चौकट करून आरपार बोल्टने आवळा आणि पत्र्याचा डबा वरून लावा, जमिनीपासून दीड मीटरवर. जुनी लाकडी फळी मागे ठेवू नका. वायर आत शिरते त्या भोकांना ग्लँड लावा, रिकामी भोकं बंद करा. नाहीतर पाल आत शिरते, बसबारवर, म्हणजे आतल्या जिवंत पट्टीवर, आडवी पडते आणि अर्ध्या घराची लाइट घेऊन मरते.

या सगळ्याआधी अर्थिंग. जुन्या वाड्यात अर्थिंग म्हणजे बहुधा नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली तार. आता बाहेरचा पाइप प्लास्टिकचा झाला, तेव्हा ती तार कुठेच पोचत नाही. दर्यापूर खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीत क्षार भरपूर, त्यामुळे रोध सहज कमी येतो, पण जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप तितक्याच लवकर गंजतो. वर आणखी मिठाचे थर घालू नका. तांब्याचा मुलामा दिलेले 3 मीटरचे दोन रॉड, एकमेकांपासून 6 मीटरवर, भिंतीपासून दीड मीटर लांब, भोवती बेंटोनाइट माती, वर झाकणाची कुंडी. रोध 5 ओहमच्या आत यावा. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. गीझरच्या बॉडीत फेज उतरली तर 5 ओहमच्या अर्थिंगवाटे फार तर 46 अँपिअर जातील. 16 चा सी एमसीबी ताबडतोब पडायला किमान 80 लागतात. 46 वर तो तापून पडायला काही सेकंद घेईल, आणि 32 चा तर तासभरही तग धरेल. तेवढा वेळ बॉडी जिवंत राहील. माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे, आणि आरसीसीबीला भरवशाची वाट अर्थिंग देतं. दोन्ही हवीत.

बदलाच्या दिवशी घाई नको. नवे डबे आणि वायर आधीच लावून ठेवा, जुना बोर्ड चालू असू द्या. मग एकेक सर्किट हलवायचं. हलवताना प्रत्येक सर्किटचे फेज आणि न्यूट्रल जोडून अर्थशी 500 व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजायच्या यंत्राने) मोजा. एक मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट नव्या डीबीत जोडू नका, आधी दोष शोधा. बहुतेकदा तो न्हाणीच्या भिंतीतल्या नाहीतर गच्चीवरच्या पेटीत सापडतो. स्क्रूखाली बसावी म्हणून वायरीचे दोन-चार पदर छाटायची सवय अनेकांना असते, ती चालवून घेऊ नका. टोकाला लग (धातूची टोपी) दाबून घ्यायला सांगा. कुठे जुनी अॅल्युमिनिअमची वायर ठेवावीच लागली तर ती थेट तांब्याला पिळू नका, त्यासाठी बायमेटल कनेक्टर मिळतो. महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.

आणि जुन्या बोर्डातली एक गोष्ट नव्यात येऊ देऊ नका. किटकॅट फ्यूज जोडीने असतात, एक फेजवर, एक न्यूट्रलवर. न्यूट्रलचा गेला की दिवे विझतात, लाइट गेली असं वाटतं, पण फेज सगळ्या घरात जिवंतच असते. थ्री फेजमध्ये तर न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले 400 व्होल्ट उपकरणांत वाटले जातात. एका फेजवर 2 किलोवॅटचा गीझर आणि दुसऱ्यावर फक्त टीव्ही असेल तर टीव्हीच्या वाट्याला 380 च्या आसपास येतात. म्हणून मुख्य न्यूट्रलवर फ्यूज नको, सैल लिंक (न्यूट्रल जोडायची पट्टी) नको, आणि मघाशी सांगितलेलं व्होल्टेजचं उपकरण चैन समजून यादीतून काढू नका. फेज बदलायचे चाकासारखे सिलेक्टर मात्र काळजीने वापरा. दोन फेज गेल्या म्हणून तिन्ही घरं एकाच फेजवर टाकली तर मुख्य एमसीबी पडणारच.

प्रश्न: आमच्या लोखंडी कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. भासरे म्हणतात, जुना आहे, चालायचंच, चप्पल घालून पाणी भरत जा. घरात लहान मुलं आहेत. डीबी बदलल्याने हे थांबेल का?
— एक वाचक, आर्वी

उत्तर: चालायचं नाही. आज झिणझिण्या आहेत, उद्या पंपाची वायर पाण्यात उघडी पडली आणि फरशी ओली असली की जीव जाईल. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसं दगावतात. तो कूलर आजच बंद करा.

मग पिनेकडे बघा. तिसरा जाड पाय कापलेला असेल किंवा तीन पायांची पिन दोन पायांच्या एक्स्टेन्शनमध्ये घुसवली असेल. हे नीट करा, अर्थची वायर कूलरच्या पत्र्याला रंग खरवडून बोल्टने आवळा, पंप आणि मोटारीची वायर बदला, खिळ्यावर लोंबती ठेवू नका. सॉकेटपर्यंत अर्थ खरंच येते का, हे वायरमनकडून मोजून घ्या. सॉकेटला तीन भोकं असली म्हणजे मागे तीन वायरी असतातच असं नाही.

पूर्ण डीबी आत्ता परवडत नसेल तर कूलरच्या लाइनीवर तेवढा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. त्याची किंमत नव्या कूलरपेक्षा बरीच कमी आहे. महिन्यातून एकदा त्याचं टी बटण दाबून तो पडतो का बघा. मात्र हे बटण अर्थिंग नसतानाही चालतं, त्यामुळे बटण दाबून पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. आणि पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. चप्पल कूलरचा धक्का थांबवत नाही, विशेषतः दुसरा हात खिडकीच्या गजावर असला तर.

प्रश्न: नवीन डीबीत आरसीसीबी लावला. तो लावल्या क्षणापासून पडतोय. इलेक्ट्रिशियनने शेवटी तो बाजूला टाकून थेट जोडणी करून दिली. आरसीसीबीच खराब असेल का?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर: क्वचितच. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. राहिला तर तो चांगला आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा. एका ठरावीक एमसीबीवर पडला तर त्या लाइनीत गळती आहे, मेगरने शोधा. पण एखादा दिवा किंवा पंखा चालू करताक्षणी पडत असेल तर दोष न्यूट्रलचा. जुन्या वायरिंगमध्ये माजघराची फेज एका लाइनीची आणि न्यूट्रल शेजारच्या लाइनीचा, असं सर्रास असतं. आरसीसीबी गेलेला आणि परतलेला करंट ताडून बघतो. गेला याच्यातून आणि परतला दुसरीकडून, म्हणजे त्याच्या लेखी ती गळतीच. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल लिंक वेगळी हवी आणि त्याच्या पुढच्या सर्किटांचे न्यूट्रल त्याच लिंकवर परतायला हवेत. इन्व्हर्टर असेल तर सगळ्यात आधी त्याचाच न्यूट्रल तपासा, घोळ बहुधा तिथे निघतो. आणखी एक जागा म्हणजे एखाद्या सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल तारेने जोडलेले असणं. थेट जोडणी काढून टाका. तिच्यामुळे डीबीत फक्त आरसीसीबीचं खोकं उरलं आहे.

प्रश्न: एसीचा 16 चा एमसीबी रोज दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान पडतो. रात्री पडत नाही. दोनदा बदलला.
— एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर: एमसीबीचं रेटिंग 30 अंशांच्या हवेला ठरवलेलं असतं. डीबी पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर दुपारी डब्याच्या आत 50 च्या वर तापमान जातं आणि खेटून बसवलेले एमसीबी एकमेकांनाही तापवतात. तेव्हा 16 चा एमसीबी 14 च्याही खाली पडू शकतो. त्यातच व्होल्टेज उतरलेलं असेल तर तेवढ्याच कामाला एसी जास्त करंट ओढतो. वायर 4 चौरस मिलिमीटरची असेल तर 20 चा सी कर्व्ह लावा. 2.5 ची असेल तर आधी वायर बदला. शेजारी एक मॉड्यूल रिकामं सोडा, स्क्रू सैल आहे का बघा. एमसीबीच्या तळाशी प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर दोष तिथेच आहे. जमलं तर डीबी आतल्या भिंतीवर घ्या. बदललेले एमसीबी असली होते का, हेही तपासा. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकून बघता येतो.

प्रश्न: वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातल्या खोलीत ठेवतो. नवीन वायरिंगमध्ये त्या खोलीचं काय करावं?
— एक वाचक, पुसद तालुका

उत्तर: त्या खोलीचं सर्किट सर्वांपासून वेगळं करा, त्यात फक्त एक दिवा ठेवा. सॉकेट नको, पंखा नको, जोड नको. बटण खोलीबाहेर, दाराजवळ, दोन पोलचं, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतील. दिवा बंद काचेच्या कव्हरमधला एलईडी, छताला न लावता दारावरच्या भिंतीवर, कारण ढीग छतापर्यंत जातो. होल्डरमधल्या सैल जोडाची एक ठिणगी कापसाला पुरते, आणि आत धुमसणारा कापूस बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खोली भरली की त्या लाइनीचा एमसीबी खाली करून ठेवा, वर चिकटपट्टी लावा. दुसऱ्या खोल्यांची वायर या खोलीतून नेऊ नका. वायरिंग करताना हीच गोष्ट सुटते, कारण तेव्हा खोली रिकामी असते.

प्रश्न: गोठ्यात दिवा लावायला एकच फेज ओढली आणि न्यूट्रलसाठी जमिनीत गज ठोकला. दिवा लागतो. पण बैल तिथे पाय ठेवायला तयार नाहीत.
— एक वाचक, उमरेड तालुका

उत्तर: बैल बरोबर आहेत. त्या गजातून करंट जमिनीत उतरतो आणि गजाभोवतीच्या मातीत पावलागणिक व्होल्टेज बदलतं. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे त्याला ते माणसाच्या आधी आणि माणसापेक्षा जास्त लागतं. गजावरची तार सुटली तर सुटलेल्या टोकाला पूर्ण 230 व्होल्ट असतात. हे आजच तोडा. घरातल्या डीबीतून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशी तीन कोअरची केबल न्या, तिला वेगळा 6 चा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या. उघड्यावरून न्यायची तर आर्मर्ड केबल जमिनीत पुरा. लोखंडी गव्हाण आणि खुंट्यांना अर्थची वायर जोडा.

प्रश्न: छतावर 3 किलोवॅटचं सोलर बसवतोय. डीबी आत्ताच बदलावी की नंतर?
— एक वाचक, काटोल

उत्तर: आत्ताच. सोलरच्या इन्व्हर्टरची लाइन वेगळ्या दोन पोलच्या एमसीबीवर यायला हवी आणि पॅनेल, इन्व्हर्टर, वीजरोधक यांचं अर्थिंग नव्याने होणारच आहे, तेव्हा घराचंही त्याच खोदकामात उरकून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, पण ते सोलरसाठी आहे, डीबीचा खर्च तुमचाच. आणि बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की तेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून उलटा करंट जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. तेव्हा जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी विकू नका.